गिरणीतील कलादालन आणि मावळचे पाणी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ नावाचे छोटेसे गाव आहे. डोंगर नावाप्रमाणेच तीन कोनांचा; समोर तुंग किल्ल्याचा सुळका आणि दोहोंच्या मध्ये पवना धरणाचे विस्तीर्ण पाणी. गावाच्या नावातील 'पेठ' हा शब्द, किल्ला नांदता असताना येथे बाजार भरत असावा, एवढे सुचवून जातो. दुसरीकडे, मुंबईच्या महालक्ष्मी भागात एका जुन्या गिरणीच्या आवारात आज नाटक, संगीत, चित्रपट आणि समकालीन कला यांचे एक केंद्र चालते. या दोन ठिकाणांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणीही विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि तो चांगला शंभर वर्षांहून जुना आहे. तो समजून घेतला, तर कारखाना बंद पडल्यावर त्या जागी कलेचे घर उभे राहते तेव्हा त्या घरावर कोणाचे ऋण असते, हेही समजेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

मावळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिवरायांचे मावळे उभे राहतात. तिकोणा किल्लाही त्या इतिहासात आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत त्याचे नाव येते. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मावळने महाराष्ट्राला जे दिले, त्याची नोंद शाळेच्या पुस्तकात फारशी सापडत नाही. मावळने दिले ते मुख्यतः पाणी. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने जे पाणी कोसळते, ते पूर्वी भीमेच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरास जात असे. विसाव्या शतकात माणसाने ते अडविले. तिकोणा पेठेसमोरचे पवना धरण हे त्यांतले अलीकडचे. १९७० च्या दशकात पूर्ण झालेल्या या सरकारी धरणाचे पाणी आज पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत आणि कारखान्यांत पोचते. त्याच्या आधी कितीतरी वर्षे, उत्तरेच्या डोंगरापलीकडे लोणावळ्यात, मावळचे पाणी मुंबईच्या गिरण्यांच्या कामी लागले होते. आपल्या कथेचा आरंभ तेथे आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि दोन वर्षांनी तिचे काम सुरू झाले. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, महालक्ष्मी, वरळी हा सारा परिसर गिरण्यांनी व्यापला आणि त्यास गिरणगाव हे नाव पडले. या गिरण्या वाफेवर चालत. बोटींनी आणि रेल्वेने आणलेला दगडी कोळसा बॉयलरच्या पोटात जाई, वाफेच्या इंजिनाने एक मोठे चाक फिरे, आणि पट्ट्यांच्या साहाय्याने ती गती मजल्यामजल्यावरील यंत्रांना मिळे. प्रत्येक गिरणीची चिमणी हीच तिची खूण असे. धूर इतका, की गिरणगावातील धुतलेले कपडे वाळत घातले तरी काळे होत, असे जुनी माणसे सांगत.

या धुराला आणि कोळशाच्या खर्चाला उपाय म्हणून लोणावळ्याच्या पाण्यापासून वीज करावी, ही कल्पना मुंबईचे एक वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. १९०४ साली जमशेटजी निवर्तले. त्यांच्या पुत्रांनी १९१० साली कंपनी स्थापन केली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवण येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा असे तीन तलाव झाले. त्यांचे पाणी कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणावयाचे, तेथून पोलादी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीला सोडावयाचे, त्या वेगाने चाके फिरवावयाची आणि झालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून परळला न्यावयाची, अशी ही योजना होती. काम झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत जाई. म्हणजे जे पाणी पूर्वेच्या समुद्राला जावयाचे, ते या योजनेने पश्चिमेच्या समुद्राकडे वळविले. फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठ्यास आरंभ झाला. ही वीज ज्या गिरणीला सर्वप्रथम मिळाली, ती सातरस्त्याजवळची सिंप्लेक्स मिल. आपण ज्या कलाकेंद्राविषयी बोलणार आहोत, ते तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

वीज आली तशी गिरण्यांची वाफेची इंजिने हळूहळू थंड झाली. मुंबईच्या दृष्टीने हा मोठाच लाभ होता, आणि ज्यांनी ही योजना सिद्धीस नेली त्यांच्या कर्तृत्वाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या योजनेच्या यशाने आणखी धरणे आली. आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि दक्षिणेस, तिकोण्याच्या डोंगरापलीकडे, मुळशी पेट्यात नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधण्याचे ठरले. मुळशीच्या शेतकऱ्यांची आंबेमोहोराची खाचरे त्यात बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. सुमारे तीन वर्षे हा लढा चालला, पुष्कळांनी तुरुंगवास भोगला, आणि अखेरीस धरण झालेच. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजघर १९२७ साली चालू झाले. धरणामुळे उठणाऱ्या माणसांनी संघटितपणे केलेला हा देशातील अगदी पहिल्या लढ्यांपैकी एक. गिरणीतील मागावर निघालेल्या प्रत्येक वार कापडात मावळच्या शेतीचाही एक धागा होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पाण्यामागोमाग माणसेही गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर येथून, कोकणातून आणि घाटावरून, गिरणीच्या भोंग्याच्या दिशेने माणसांचा ओघ लागला. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी, खाणावळीत जेवणारी, महिन्याच्या पगारातून मनीऑर्डर धाडणारी ही माणसे. सुरुवातीला त्यांना आठवड्याची सुटीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी सुरू झाली. रविवारी सकाळी मिस्साला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ही तारीख मुद्दाम लक्षात ठेवावी. ख्रिस्ती परंपरेने रविवार पाळणाऱ्यांच्या राज्यात मजुराला रविवार मिळवून दिला तो एका सत्यशोधक माळ्याने, आणि तो मागताना त्याने खंडोबाच्या वाराचा दाखला दिला.

ही सुटी मिळाली, तेव्हा कामगाराने तिचे काय केले? विश्रांती घेतली हे तर खरेच. पण त्याने कलाही केली. या मुद्द्यावर आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. गिरणीच्या आवारात कला अलीकडे आली, तिच्यापूर्वी तेथे केवळ घाम आणि धूर होता, असा एक समज नकळत रुजत चालला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. गिरणगावात भजनी मंडळे होती, कोकणातले नमन-खेळे आणि शक्ती-तुरा होता, घाटावरचा तमाशा होता. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या वतीने परळला १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभे राहिले आणि त्या रंगमंचावर कामगारांनी स्वतः बसविलेली नाटके पिढ्यान्‌पिढ्या झाली. १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाने येथल्या मैदानांत माणसांचे समुद्र गोळा केले. कवी नारायण सुर्वे हे तर अनाथ अर्भक म्हणून एका गिरणी कामगाराला सापडले आणि त्याच कामगार दांपत्याच्या घरी वाढले. तेव्हा कलेला गिरणगाव परके नव्हते. त्या कलेला स्वतःचे दालन मात्र क्वचितच मिळाले. तिने गल्ली, मैदान आणि चाळीची गच्ची यांवर भागविले.

मग १९८२ साल उजाडले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. पगार नाही, घरात धान्य नाही, बायकांच्या अंगावरचे मणी-डोरले सोनाराकडे, मुलांच्या शाळा सुटलेल्या, अशा अवस्थेत हजारो कुटुंबे गावी परतली. काही पुन्हा आलीच नाहीत. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यामागे संप हे एकच कारण नव्हते. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाचे स्वस्त कापड बाजारात आले होते, आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली होती. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन भाग करावेत, एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी आणि एक मालकासाठी, अशी तरतूद आली. १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून मैदाने, रस्ते आणि घरे यांचा आराखडा सुचविला. परंतु २००१ साली नियमावली बदलली. बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचेच काय ते तीन भाग करावयाचे, असे ठरले, आणि शहराच्या वाट्याला फार थोडी जमीन उरली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. जेथे चिमण्या होत्या तेथे पुढे काचेचे मनोरे उभे राहिले. मावळची वीज प्रथम ज्या सिंप्लेक्स मिलमध्ये आली, तिच्या जागी आज उंच निवासी इमारती आहेत.

काही आवारे मात्र पाडली गेली नाहीत. महालक्ष्मी स्थानकाजवळ शक्ती मिलच्या गल्लीत लक्ष्मी मिल इस्टेट आहे. तेथल्या जुन्या इमारतींचे गाळे पाडून त्यांत लहानमोठी कार्यालये, गोदामे आणि कार्यशाळा आल्या. याच आवारातील एका गोदामात २०१० च्या दशकाच्या मध्यास एका समकालीन संस्कृती केंद्राने आपले बिऱ्हाड मांडले. त्याच्या संस्थापक अनुराधा पारीख या वास्तुविशारद. केंद्राचे नाव 'जी-५ए'. हे नाव काहींना गूढ वाटते, पण उलगडा अगदी साधा आहे: इस्टेटमधील त्यांच्या गाळ्याचा क्रमांकच जी-५ए. पोस्टमनने पाकिटावर वाचावा तो क्रमांक संस्थेचे नाव झाला. आम्हांला हे आवडले. निदान नावापुरता तरी त्या जागेचा जुना पत्ता टिकून राहिला.

ही संस्था नफ्यासाठी चालत नाही. तिच्या वास्तूचा गाभा म्हणजे 'ब्लॅक बॉक्स' या नावाने ओळखला जाणारा काळ्या भिंतींचा मोकळा रंगमंच. आपल्या नेहमीच्या नाट्यगृहात पडदा असतो, रंगमंच उंचावर असतो आणि प्रेक्षक समोर ठरावीक खुर्च्यांत बसतात. येथे तसे बंधन नाही. प्रेक्षकांनी एका बाजूला बसावे, दोन बाजूंना बसावे किंवा चोहोंकडून बसावे. जशी कलाकृती तशी मांडणी. गोदामाला किंवा गिरणीच्या खात्याला मधे भिंती नसतात, छत उंच असते, आणि यंत्रे हवी तशी मांडता यावीत म्हणून जमीन मोकळी असते. कारखान्याच्या वास्तू कलेला मानवतात त्या यामुळेच. तेथे नाटके होतात, शास्त्रीय आणि आधुनिक संगीताच्या बैठकी होतात, चित्रपट दाखविले जातात, आणि शहराच्या प्रश्नांवर चर्चाही घडतात. मुंबईसारख्या महागड्या शहरात प्रयोगशील तरुणांना तालमीसाठी खोलीदेखील परवडत नाही. तेथे असे एक दालन नफ्याची अपेक्षा न ठेवता चालविणे, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

अशी परिवर्तने जगात इतरत्रही झाली आहेत, आणि योगायोग असा की त्यांतील दोन नामांकित वास्तू आपल्या खोपोलीप्रमाणे वीजघरेच होत्या. लंडनला थेम्स नदीच्या काठी बँकसाइड येथे मोठे वीजघर होते. त्याचे शिल्पकार सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे स्वतः कॅथोलिक. लिव्हरपूलचे भव्य अँग्लिकन कॅथीड्रल हीदेखील त्यांचीच निर्मिती. समोरच्या तीरावरील सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटाहून वीजघराची चिमणी उंच होऊ नये, याची काळजी घेण्यात आली. १९८१ साली वीजघर बंद झाले आणि २००० साली तेथे 'टेट मॉडर्न' हे आधुनिक कलेचे संग्रहालय उघडले. जेथे जनित्रे फिरत ते प्रचंड दालन तसेच मोकळे ठेवून त्यात कलाकृती मांडल्या जाऊ लागल्या. दुसरे उदाहरण रोमचे. संत पॉलच्या महामंदिराकडे जाणाऱ्या ओस्तिएन्से मार्गावर १९१२ साली एक वीजघर सुरू झाले. त्यास जोव्हानी माँतेमार्तीनी यांचे नाव होते. ते १९६० च्या दशकात बंद पडले. १९९७ साली रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातील प्राचीन संगमरवरी मूर्ती तेथे तात्पुरत्या म्हणून हलविल्या आणि त्या तेथेच राहिल्या. आज त्या वास्तूत काळ्या पोलादी यंत्रांच्या पुढ्यात पांढऱ्याशुभ्र देवता उभ्या आहेत. पोप नववे पायस यांच्या रेल्वेगाडीचे डबेही तेथेच ठेवले आहेत. रोमच्या या दालनात यंत्रे काढून टाकलेली नाहीत. आपण कोठे उभे आहोत आणि येथे पूर्वी काय चालत असे, हे लहान मुलालाही विचारावे लागत नाही.

या कसोटीवर आपल्याकडील परिस्थिती पाहिली म्हणजे मन थोडे खट्टू होते. ही उणीव एखाद्या संस्थेची म्हणता येणार नाही. एका गाळ्यात चालणाऱ्या केंद्राने साऱ्या गिरणगावाचे स्मारक व्हावे, ही अपेक्षाच अन्याय्य ठरेल. उणीव आहे ती शहराची. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन व तीनच्या जागेवर गिरण्यांच्या इतिहासाचे संग्रहालय करण्याचे महापालिकेने ठरविले. पहिल्या टप्प्यात तळे, कारंजे आणि भित्तिचित्रे झाली, पण खुद्द संग्रहालयाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. गिरणी कामगारांना घरे देण्यासाठी २०१२ साली सुमारे सात हजार घरांची मोठी सोडत निघाली. त्यानंतरही सोडती झाल्या, परंतु अर्ज दीड लाखाच्या घरात होते. घरे त्या मानाने फारच थोडी. कामगारांनी शंभर वर्षे आपली नाटके जेथे केली, ते परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, आणि नव्या इमारतीत नाट्यगृह पूर्वीसारखेच मिळावे म्हणून रंगकर्मींना आवाज उठवावा लागला. नव्या कलादालनांचे दिवे लागत असताना जुन्या कामगार रंगभूमीचा दिवा मालवला जावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे.

यावर कोणी म्हणेल, मग त्या पडक्या गिरण्या तशाच राहू द्यावयास हव्या होत्या काय? आमचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. ओसाड वास्तू ही निरुपद्रवी नसते. याच भागातील शक्ती मिलच्या पडक्या आवारात २०१३ साली तरुणींवर झालेल्या अत्याचारांनी सारा देश हादरला होता. जेथे दिवे आहेत, माणसांची ये-जा आहे, तालीम चालली आहे, ती जागा केव्हाही बरी. प्रश्न जागेच्या वापराचा नाही. आधीच्या वापराच्या स्मरणाचा आहे. वास्तू टिकली, तिच्या विटा घासूनपुसून साफ केल्या, तुळया तशाच ठेवल्या, आणि त्या तुळयांखाली उभ्या जन्म काम केलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव भिंतीवर नाही, तर उरते ती फक्त शोभा. आलेल्या पाहुण्याला 'जुनी गिरणी' छान वाटते. त्या गिरणीत साचा कोणी चालविला, कोणाच्या छातीत कापसाचे तंतू बसून दमा जडला, हे त्याला कळत नाही.

स्मरण कसे ठेवावे, हे शिकण्यासाठी फार दूर जावयास नको. त्याकरिता आपण पुन्हा मावळात येऊ. तिकोणा पेठेपासून डोंगर ओलांडून उत्तरेस इंद्रायणीच्या खोऱ्यात उतरले की कार्ल्याची लेणी लागतात. लेण्यांच्या दाराशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे. किनाऱ्यावरचे कोळी बांधव दरसाल तेथे जातात, म्हणून ही जागा आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. आतील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, सव्वाशे फूट लांब, आणि छताला अजून मूळच्या लाकडी कमानी. भारतीय शिल्पकलेचे ते एक शिखर मानले जाते. या शिखरावर ब्राह्मी लिपीत कोणाची नावे कोरलेली आहेत? राजांची आहेत, भूतपाल नावाच्या धनाढ्य श्रेष्ठीचे आहे. त्याच बरोबरीने धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. त्याने दरवाजाचे काम केले. सिंहदत्त नावाच्या अत्तरे विकणाऱ्या गंध्याचे नाव आहे. परदेशांतून आलेल्या यवनांची नावे आहेत. सोपाऱ्याच्या एका भिक्षूने दिलेल्या स्तंभावर त्याचे नाव आहे. आणि हे सोपारा म्हणजे आपल्या वसईशेजारचेच. मोठ्या देणगीदाराची अक्षरे आणि सुताराची अक्षरे एकाच दगडात, सारख्याच छिन्नीने कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी मावळच्या डोंगरात ही रीत होती. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या मुंबईला ती पाळता येऊ नये, असे काही नाही.

आपल्या धर्मग्रामांतही ही रीत निराळ्या रूपाने जपली आहे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सावकाराच्या मुलाचे आणि मजुराच्या मुलाचे नाव एकाखाली एक, सारख्याच शाईने लिहिलेले असते. त्या वह्यांच्या आधारे आज आपण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या, एरवी कोणत्याच इतिहासात न आलेल्या खापरपणज्यांची नावे सांगू शकतो. गिरणीतही अशी वही होती. तिला मस्टर म्हणत. त्यात प्रत्येक कामगाराचे नाव, खाते, पाळी आणि हजेरी असे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांतली कितीतरी कागदपत्रे रद्दीत गेली किंवा वाळवीने खाल्ली. पुढे घरांच्या सोडतीसाठी पुरावे मागण्यात आले, तेव्हा जुने ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीची पावती, तिकीट नंबर यांसाठी म्हाताऱ्या माणसांना किंवा त्यांच्या विधवांना दारोदार हिंडावे लागले. वही हरवली की माणूस हरवतो, आणि त्याचा हक्कही हरवतो. स्मरण ही केवळ भावनेची बाब नाही, ते कोणाच्या तरी घराचे छप्पर असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

काही कलावंतांनी आणि लेखकांनी हे ऋण आपल्या परीने फेडले आहे. ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी गिरणगावाची माणसे आणि बदलता परिसर आपल्या चित्रांत आणला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने संपानंतरचे गिरणी कामगाराचे घर मराठी रंगभूमीवर उभे केले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या शेकडो माणसांच्या तोंडून त्यांची हकिकत ऐकून ती ग्रंथरूपाने २००४ साली प्रसिद्ध केली. ज्या आवारांत आज कलेची दालने आहेत, तेथे अशी नाटके व्हावीत, अशी चित्रे लागावीत, आणि ती पाहावयास जुने कामगार व त्यांची नातवंडे मानाने बोलावली जावीत. दाराशी एक पाटी असावी: ही गिरणी अमुक साली सुरू झाली, अमुक साली बंद झाली, येथे इतकी माणसे राबत, आणि तिची यंत्रे मावळच्या पाण्याने झालेल्या विजेवर फिरत. पाटीचा खर्च तो किती! पण ती वाचून एखाद्या तरुण नटाला, आपण ज्या जमिनीवर पाय आपटतो आहोत तिच्याखाली किती पावले उमटली आहेत, याची जाणीव होईल, आणि त्याची कलाही त्यामुळे श्रीमंत होईल.

हे काम संस्थांचे आणि सरकारचे आहे, तसेच थोडे आपलेही आहे. वसईत आणि मुंबईत, आपल्या समाजात, असे घर विरळा की ज्यातला कोणी आजोबा, मामा किंवा शेजारी गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात किंवा छापखान्यात नव्हता. त्यांच्यापैकी जे हयात आहेत ते आता सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात त्यांचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, निरोपसमारंभाचे छायाचित्र असते. ते बाहेर काढावे, मुलांना दाखवावे. कोणत्या खात्यात काम होते, पाळी किती वाजता सुटे, संपात घर कसे चालले, हे विचारून एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. धर्मग्रामाच्या युवक मंडळाने एका उन्हाळ्याच्या सुटीत एवढे एक काम अंगावर घेतले, तरी पुढच्या इतिहासकाराला फार मोठा ठेवा हाती लागेल.

आणि कधी सहकुटुंब लोणावळ्याला किंवा तिकोण्याला जाणे झाले, तर त्या तलावांकडे पाहताना मुलांना जरूर सांगावे की येथले पाणी एके काळी सत्तर किलोमीटर दूरच्या गिरण्या चालवीत होते, त्यासाठी कोणाची तरी भातखाचरे पाण्याखाली गेली, आणि त्या गिरण्यांपैकी एकीच्या आवारात आज नाटके होतात. एवढे सांगून झाल्यावर कार्ल्याच्या लेण्यात जाऊन सामी सुताराचे नावही त्यांना दाखवावे.